डोळा मातीत गेला

शाळेतून आलो की गाडी स्टँडला लावायची, डबा ओसरीवर ठेवायचा आणि हातपाय धुण्याआधी बादली घेऊन सोनचाफ्याजवळ जायचं, असं माझं जुलैपासून चाललं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी मी बादली तशीच हातात धरून उभा राहिलो. झाडानं मान टाकली होती. पान बोटांत धरलं तर मऊ, धुवून धुवून विरलेल्या रुमालासारखं. बुंध्याशी बोट खुपसलं तर माती ओली. नुसती ओली नाही, चिखलाला टेकलेली.

ओल्या मातीत उभं असलेलं झाड तहानेनं सुकत होतं. हे मी डोळ्यांनी पाहत होतो आणि तरी मला त्याचा अर्थ लागत नव्हता. मी बादली ओतली आणि घरात गेलो.

अकरा वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवर शिकवत होतो. विदर्भातून तिकडं नोकरीला गेलेल्या मास्तरांना आंतरजिल्हा बदली हे दोन शब्द कसे ऐकू येतात ते वेगळं सांगायला नको. दर वर्षी अर्ज भरायचा, यादीत नाव शोधायचं, नाही दिसलं की पुन्हा वर्षभर जांभ्या दगडाच्या त्या शाळेत मन रमवायचं. मन रमलंही. शाळेच्या मागं एक जुना सोनचाफा होता. पावसाची सर येऊन गेली की त्याचा वास खिडकीतून थेट फळ्यापर्यंत यायचा आणि पहिलीतली पोरं पाढे म्हणता म्हणता थांबायची. बदलीचा आदेश आला त्या मे महिन्यात वाडीतल्या एका आजींनी सोनचाफ्याचं कलम हातात ठेवलं. म्हणाल्या, "गावाला लावा सर. वास आला की आमची आठवण होईल."

लाल मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात गुंडाळून मी ते कलम मुंबईला आणलं आणि तिथून अमरावती एक्स्प्रेसनं घरी. रात्रभर ते बर्थखाली होतं. दोनदा उठून हात लावून पाहिला.

आमचं गाव वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याचा मुलूख. जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्यात कोपरापर्यंत हात जातो, आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगून अशी मिटते की वरून पडलेलं पाणी खाली जायला वाट राहत नाही. लाव्हारसाच्या काळ्या खडकाची लाखो वर्षं झीज होऊन ही माती झाली. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. हे मी मुलांना भूगोलात शिकवतो. अंगणात खड्डा खणताना मात्र ते माझ्या मनातही आलं नाही.

आर्द्रा लागल्यावर खड्डा घेतला. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. पुस्तकात असतो तसा. दोन घमेली वाळू, चार टोपली शेणखत, पालापाचोळ्याचं खत, वर थोडी माती. बाबा ओसरीवरच्या खाटेवर बसून पाहत होते. काही बोलले नाहीत. वाऱ्यानं हलू नये म्हणून मी रोप जरा खोलच बसवलं, बुंध्याशी माती ओढून पायानं दाबली, भोवती आळं केलं, आळ्यात उसाचं पाचट टाकलं. पाचट थेट खोडाला टेकवलं. लहान मुलाला पांघरूण घालतात तसं.

पहिले दोन महिने ठीक गेले. तीन नवी पानं आली तेव्हा मी वाडीतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून सांगितलं. सप्टेंबरमध्ये शेंड्याची पानं फिकी पडायला लागली. आधी पोपटी, मग पिवळी, पण शिरा हिरव्याच. पान उजेडात धरलं की हिरव्या दोऱ्यानं विणलेली जाळी दिसायची. रोग आहे हे माहीत नसतं तर त्या पानाला मी सुंदर म्हटलं असतं.

मग सल्ले सुरू झाले, आणि मी सगळे ऐकले. कृषी केंद्रात पान दाखवलं. काउंटरवरच्या माणसानं पान उलटंही केलं नाही, मागच्या फळीवरून एक बाटली आणि एक पुडी काढली. बाटली सूक्ष्म अन्नद्रव्याची, पुडी वाळवीची. शेजारचे भाऊ म्हणाले मर आहे, उपटून टाका. कोकणातला मित्र म्हणाला पाणी कमी पडतंय, रोज दोन बादल्या घाल. तो खरंच सांगत होता. त्याच्या अंगणात दोन बादल्या ओतल्या तर अर्ध्या तासात माती पुन्हा कोरडी दिसते, जांभ्याची माती पाणी धरून ठेवत नाही. तिथं बरोबर असलेला सल्ला मी नऊशे किलोमीटर इकडं आणून काळ्या मातीत ओतत राहिलो. आमच्या तालुक्यात बोअर आठशे-हजार फुटांवर गेले आहेत, संत्र्याच्या बागा जगवायला लोक टँकर विकत घेतात. त्या गावात माझं एक झाड पाण्यानं मरत होतं.

पानांच्या त्या जाळीचा उलगडा वर्गात झाला. सातवीच्या विज्ञानाला आम्ल आणि आम्लारी शिकवत होतो. प्रयोगपेटीतलं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल काढलं होतं. एका मुलानं विचारलं, "सर, हे मातीवर टाकलं तर काय होते?" मी म्हटलं बघू. त्यानं शाळेच्या कुंपणाजवळची मूठभर माती आणली, मी थेंब टाकले आणि माती फसफसली. सोड्याची बाटली फोडल्यासारखी. पोरं बाकांवर चढली. दुसऱ्या दिवशी मी घरून दोन कागदी पुड्या नेल्या. एका पुडीत आळ्यातली माती, दुसरीत गोणपाटाला चिकटून राहिलेली कोकणातली लाल माती. अंगणातली माती कुंपणाजवळच्या मातीपेक्षाही जोरात फसफसली. घराच्या स्लॅबच्या वेळचा चुना-सिमेंटचा चुरा तिथंच पसरलेला होता, तो तिच्यात मिसळला होता. लाल माती मात्र थेंब पिऊन गप्प राहिली.

आम्लानं फसफसते ती चुनखडी. चुनखडीच्या मातीत लोह असतं, भरपूर असतं, पण झाडाला घेता येईल अशा रूपात ते राहत नाही. कोठार भरलेलं आहे आणि किल्ली हरवली आहे, असं मी मुलांना सांगितलं. पानाचा हिरवा रंग तयार व्हायला लोह लागतं. आणि लोह एकदा एका पानात गेलं की तिथून हलत नाही. नत्र हलतं. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून शेंड्याला देतं, म्हणून नत्राच्या उपासमारीत बुडची पानं आधी पिवळी पडतात. लोहाच्या बाबतीत जुनं पान हिरवंगार राहतं आणि कोवळं उपाशी. कोणतं पान आधी पिवळं पडलं एवढ्या एका प्रश्नात निम्मं निदान होतं. तो प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

मला वाटलं, सापडलं. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, आणली, लिटरला पाच ग्रॅम घेऊन पानांवर फवारली. मातीत टाकायची नाही हे मात्र वाचलं होतं, चुनखडीत पडली की तीही कुलपात जाते. आठवड्यात दोन पानं थोडी हिरवी झाली. त्या आनंदात मी अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी झाडानं मान टाकली.

त्या रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, "आता काय करावं कळत नाही." आई ताटात भाकरी वाढत होती. बाबा खाली मान घालून जेवत होते. हात थांबवून म्हणाले, "पहिलं पान कोन्तं पिवळं पडलं? शेंड्याचं का बुडाचं?"

मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो. "शेंड्याचं."

"अन् आता सुकून रायलं थे सकायी ताठ होते का?"

"आधी व्हायचं. आता नाही होत."

"खड्डा केवढा घेतला होता?"

ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं, तरी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ताटात हात धुतला. "उद्या इतवार हाय ना. सकायी पाहू."

आता इथं बाबांच्या बागेबद्दल सांगावं लागेल. घरात त्या बागेबद्दल बोलणं होत नाही, म्हणून मी आजवर कुठं लिहिलंही नाही.

१९८८ साली बाबांनी नाल्याकाठच्या दोन एकरांत संत्रा लावला. अठरा फुटांवर झाडं, अडीचशेच्या वर. जंबेरी या आंबट लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाच्या रोपावर, संत्र्याचा डोळा भरलेली कलमं. सात-आठ वर्षांनी बाग भरात आली. माझं डी.एड. त्या बागेवर झालं, बहिणीचं लग्न त्या बागेवर झालं. एका वर्षी नाल्याकडच्या ओळीतल्या चार झाडांना असा काही बहार आला की व्यापारी फांद्या मोजायला थांबले. फळ बारीक होतं पण पान दिसत नव्हतं इतकं. आईनं त्या झाडांना हळदीकुंकू वाहिलं. पुढच्या वर्षी ती चारही झाडं वाळली. मग त्यांच्या बाजूची. मग ओळीनं. बुंध्याची साल उभी तडकायची आणि तिच्यातून मधाच्या रंगाचा डिंक ओघळायचा. आमच्याकडं त्याला डिंक्या म्हणतात. मरायच्या आधी झाड सगळं बळ एकवटून फुलतं, हे बाबांना नंतर कळलं. ज्या बहाराला आम्ही नारळ फोडला तो झाडाचा शेवटचा बहार होता.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. बाबा बागेला मोकाट पाणी द्यायचे. विहिरीचं पाणी दांडानं सोडायचं आणि ते एका झाडाच्या बुंध्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत ओळीनं जायचं. रोगही त्याच पाण्यातून ओळीनं गेला. २००४ च्या उन्हाळ्यात त्यांनी बाग तोडली. तिथं पराटी, म्हणजे कपाशी, लावली, पुढं तूर, सोयाबीन. ते वावर ते आजही करतात, पण लिंबाचं एक झाडही त्यांनी पुन्हा लावलं नाही.

रविवारी सकाळी सात वाजता बाबा खुरपं आणि भाकरी कापायची सुरी घेऊन झाडाजवळ बसले. मी टिकास आणायला निघालो तर म्हणाले, "टिकास नको. हातानं काढू." आधी पाचट बाजूला केलं. त्याखाली बुंध्यावर पांढरट ओलसर बुरा धरला होता. मग ते बोटांनी माती उकरू लागले. खोडाला लागून, थोडी थोडी. मी वाकून पाहत होतो.

"झाडाचा बुंधा जमिनीत शिरते तिथं कसा असते?"

"सरळ," मी म्हणालो.

"नाई. थो पसरते. चुलीच्या भोंगळ्यासारखा. जमिनीच्या वर जर खोड खांबासारखं सरळ शिरलं, तर समजाचं, झाड खोल गेलं." ते उकरत राहिले. दोन बोटं, चार बोटं. सहा बोटं खाली गेल्यावर कलमाचा जोड दिसला, त्याच्याही खाली मुळं फुटायची जागा. मी रोप खोल बसवलं होतंच, वरून माती दाबली होती, आणि खड्ड्यातलं शेणखत-पाचोळा कुजून बसल्यावर सगळंच आणखी खाली खचलं होतं. बाबांनी जोडावर अंगठा ठेवला. साल अंगठ्याबरोबर निघून आली.

"डोळा मातीत गेला तुह्या झाडाचा."

संत्रावाले कलमाच्या जोडाला डोळाच म्हणतात. तो जमिनीच्या वर वीतभर राहिलाच पाहिजे, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. खुंट रोगाला थोडाफार तोंड देतो, वरच्या संत्र्याच्या सालीत तेवढी ताकद नसते. बाबांच्या लोखंडी पेटीत नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन केंद्राची एक जुनी पत्रिका आहे. घडीवर फाटलेली, चिकटपट्टीनं जोडलेली. तिच्यात झाडाभोवती दोन कड्यांचं आळं काढलेलं चित्र आहे, आतलं कडं कोरडं, पाणी बाहेरच्या कड्यात. त्या चित्राच्या कडेला बाबांनी पेननं तारीख लिहिली आहे. तारीख बाग तोडल्यानंतरची आहे.

त्यांनी सुरीच्या टोकानं सालीवर एक बारीक चीर दिली. काळपट तपकिरी. बोटभर वर दुसरी चीर. तपकिरी. तिसरी चीर दिली तिथं एका बाजूला तपकिरी आणि एका बाजूला ओलसर पांढरं निघालं, मधे रेघ ओढल्यासारखी कड. "इथपर्यंत आलं," ते म्हणाले. मग खोडाला फेर धरून चिरा देत गेले. तीन बाजू गेल्या होत्या. साल ही झाडाच्या जेवणाची वाट असते. पानात शिजलेलं अन्न सालीतून मुळांपर्यंत उतरतं. तीन बाजूंनी ती वाट बंद झाली होती.

मग मुळं. एक बाजू खणली तसा वास आला. तुंबलेल्या मोरीचा. बाबांनी एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरचं आवरण सुरनळीसारखं हातात आलं आणि आत दोऱ्याएवढी शीर राहिली. दुसरं तसंच, तिसरं तसंच. खड्ड्याच्या तळाशी पाणी होतं. पाऊस थांबून बारा दिवस झाले होते. गुळगुळीत भिंतींचा तीन फुटी खड्डा काळ्या मातीत खणून मी तो भुसभुशीत खतानं भरला होता. अंगणातलं सगळं पाणी सोपी वाट शोधत त्यात उतरलं आणि तिथून पुढं जायला त्याला वाट नव्हती. ते टाकंच झालं होतं.

मुळं श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीतली हवा घेतात. ती पोकळी पाण्यानं भरली की प्राणवायू येतो तो पाण्यातून, आणि पाण्यातून तो हवेपेक्षा दहा हजारपट सावकाश पसरतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभं राहून झाड सुकतं. आणि कोकणातून आलेलं ते कलम, ज्याच्या मुळांना जन्मापासून जांभ्याची मोकळी माती माहीत होती, ते मी या टाक्यात उभं केलं आणि वर रोज बादली ओतली.

"म्हणजे रोग नव्हताच?" मी विचारलं.

"हाय ना. पन आदी पानी येते, मंग रोग येते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. नंतर मी जेवढं वाचलं त्यानं ते आणखी पक्कं झालं. मुळं आणि बुंधा सडवणारा हा जो जीव, त्याचं नाव फायटोफ्थोरा. ग्रीक शब्द आहेत, अर्थ वनस्पतींचा संहारक. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बारी यांनी १८७६ साली हे नाव दिलं, आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक बुडवून दुष्काळ आणणाऱ्या जिवाचा अभ्यास करताना. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जास्त जवळचा. त्याचे बीजाणू पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात. मातीत साचलेलं पाणी मिळालं की ते मुळाच्या टोकाकडं पोहत जातात. पाणी नसेल तर हा जीव मातीत निपचित पडून राहतो, वर्षानुवर्षं. संत्र्याच्या डिंक्यामागं त्याची जी एक जात असते तिचं एक जुनं वर्णन आपल्याच देशात झालं. जहांगीर फर्दूनजी दस्तूर नावाच्या पारशी शास्त्रज्ञानं बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत १९१३ साली ते केलं, आणि कशावरून, तर एरंडावरून. आमच्या प्रत्येक वावराच्या धुऱ्यावर एरंड असतो. पुढं याच दस्तुरांनी मध्य प्रांतातल्या पानवेलीच्या रोगांवर १९३५ साली लिहिलं. मध्य प्रांत म्हणजे आपलं नागपूर, आपलं रामटेक. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इतक्या आदीपासून माईत होतं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. माहिती पुस्तकात असणं आणि नाल्याकाठच्या वावरापर्यंत पोचणं यांच्यामधे किती अंतर असतं, ते अडीचशे झाडांनी मोजलेलं त्यांच्यासमोर होतं.

मीही विचारलं. "जूनमधे खड्डा घेताना पाहत होते ना तुम्ही. बोलले का नाही?"

"मले कोनं इचारलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "अन् माह्या हातानं एक बाग गेली बाबू. मी कोनाले काय सांगू?"

अकरा वर्षं दूर राहून मी परत आलो, आणि घरात बसलेल्या माणसाला सोडून कृषी केंद्रापासून कोकणापर्यंत सगळ्यांना विचारलं. याचं मला आजही वाईट वाटतं, झाडापेक्षा जास्त.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही काम केलं. खड्ड्याच्या उताराच्या बाजूला दीड फूट खोल चर खणून पाणी मोकळं केलं. काळं, वास मारणारं पाणी सावकाश चरातून वाहत गेलं. सडकी मुळं कापली. वरच्या थरात काही मुळं टोकाला पांढरी होती, ती तशीच ठेवली. बुंध्याभोवतीची माती काढून जोड उघडा केला. सडलेली साल पांढऱ्या कडेपर्यंत सुरीनं खरवडली. मग बाबांनी खोडाला लावायला बोर्डो पेस्ट हे बुरशीचं औषध केलं. शंभर ग्रॅम मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, प्लास्टिकच्या एका डब्यात अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या डब्यात अर्धा लिटर पाण्यात, आणि मग दोन्ही एकदम तिसऱ्या डब्यात. आकाशी रंग झाला. आईनं इळा आणून दिला. बाबांनी त्याचं पातं मिश्रणात बुडवून धरलं, काढून उन्हात निरखलं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिलेला असतो, तो साल जाळतो, आणखी चुना लागतो. पातं स्वच्छ होतं. वीस वर्षांनी ते हे करत होते, पण डब्यावर झुकलेल्या त्यांच्या हाताला काहीही आठवावं लागत नव्हतं.

या निळ्या मिश्रणाची गोष्ट मी सोमवारी वर्गात सांगितली. फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षमळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की मळ्यात इतरत्र केवडा नावाच्या रोगानं पानं गळली आहेत आणि रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. १८८५ साली त्यानं हे जगासमोर मांडलं. मुलांना चोरांच्या भीतीतून औषध निघाल्याची गंमत वाटली. मला त्यातलं त्याचं पाहणं आवडतं. सगळे आजारी वेलींकडं पाहत असताना तो निरोगी वेलीजवळ थांबला आणि ही का वाचली असं त्यानं विचारलं.

झाड वाचलं असं मला लिहायला आवडलं असतं. नोव्हेंबरात उरलेली पानं गळली. डिसेंबरात शेंडा काळा पडून खाली येऊ लागला. दर रविवारी मी नखानं साल खरवडून पाहायचो. खाली हिरवं दिसलं की फांदी जिवंत, तपकिरी दिसलं की गेली. दर रविवारी नख थोडं खाली सरकत होतं. संक्रांतीच्या सुमारास ते जोडाशी येऊन थांबलं. कोकणातून आणलेलं, आजींनी दिलेलं सोनचाफ्याचं कलम जोडाच्या वर संपूर्ण गेलं होतं. बाबांनी करवतीनं ते जोडाजवळ तिरपं कापलं, कापल्या जागी निळी पेस्ट लावली. मी म्हटलं, काढूनच टाकू. ते म्हणाले, "राहू दे. उन्हाया लागू दे."

मार्चमध्ये शाळेच्या फाटकाजवळच्या बहाव्याची पानं झडली. गेल्या वर्षीच लावलेला, डोक्याएवढा. सातवीतला तोच मुलगा, मातीवर आम्ल टाकायला लावणारा, धावत आला. "सर, बहावा मेला." मी त्याला नखानं साल खरवडायला सांगितलं. हिरवंगार निघालं. मग आम्ही बुंध्याशी बसून माती चार बोटं उकरली. बुंधा जमिनीशी पसरट होत मुळांत उतरत होता, जसा उतरायला हवा तसा. बहावा इथलाच आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकून मोकळा होणं हा त्याचा नेम, मग झुंबरं लागतात. मुलानं माती परत लोटताना ती खोडाला चिकटणार नाही याची काळजी घेतली. मी काही सांगितलं नव्हतं. तो संत्रावाल्याचा मुलगा आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस मी शाळेतून आलो तर बाबा अंगणात उकिडवे बसले होते. कापलेल्या खुंटाजवळ, जोडाच्या खालून, दोन कोंब फुटले होते. तांबूस, टाचणीच्या डोक्याएवढे. वरच्या थरातल्या त्या चार पांढऱ्या मुळांनी ते वर ढकलले होते.

संत्र्याच्या बागेत डोळ्याखालून आलेली फूट ठेवत नाहीत. ती खुंटाची असते, तिला संत्रा लागत नाही, आणि ठेवली तर कलमाचं बळ ती खाते. लहानपणी शाळा सुटल्यावर आमचं तेच काम होतं, ओळीनं फिरायचं आणि खुंटाची फूट अंगठ्यानं मोडायची. बाबांचा अंगठा त्या कामासाठीच घडलेला होता. सोनचाफ्याचं कलमही बियाच्या सोनचाफ्यावर बांधतात. या कोंबाचं झाड झालं तर त्याला फुलं येतील, पण कलमासारखी दुसऱ्या वर्षी नाहीत. त्याला बरीच वर्षं लागतील. बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

त्यांनी दोन्ही कोंब नीट पाहिले. मग अंगठ्यानं त्यातला एक, नाल्याच्या बाजूचा, मोडला. दुसऱ्याजवळ अंगठा नेला, थांबवला, आणि त्याच्या भोवतीची माती दोन बोटं आणखी मागं ओढली.

"पानी मी पाहीन," ते म्हणाले. "तू बादली नको उचलजो."